बिस्किटांच्या पुड्याला लाल चिमटा

“अहो, एक विचारू? अकरा वर्षं झाली म्हणे तुम्ही हे इंजिन दुरुस्त करताय. ते खरंच कधी चालणार आहे, की तुम्ही सगळे इथे नुसतेच बिस्किटं खायला जमता?”

प्रश्न नेस्टाच्या तोंडून निघाला, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, लोवरी आणि हेलेदने. ऑक्टोबरातला शनिवार, वेल्समधल्या ब्रिनकोख गावची बस नेहमीप्रमाणे उशिरा. आणि ती बस चालवणारे खुद्द नेस्टाचे बाबाच, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तिघी छोट्या रेल्वेच्या शेडपाशी उभ्या राहून पाय आपटत होत्या. उघड्या दारातून आत तीन म्हातारी माणसं दिसत होती, तिघांच्या हातात चहाचे मग, आणि मधोमध ते हिरवं-तांबडं, अर्धं सोललेलं इंजिन.

“विचारून दाखव,” लोवरी म्हणाली होती. “चिप्स माझ्याकडून. व्हिनेगर घालून.”

वर्षभरापूर्वीची नेस्टा असती तर ‘तूच विचार’ म्हणून मोकळी झाली असती. ती नेस्टा वर्गात हात वर करताना आधी इकडेतिकडे बघून घ्यायची. पण उन्हाळ्यात शाळेच्या वादविवादात तिचं नाव कुणीतरी परस्पर घातलं, ती थरथरत उभी राहिली, आणि तिसऱ्याच वाक्याला तिला शोध लागला की आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तेव्हापासून तो आवाज कुठे कुठे जातो हे बघायचा तिला नादच लागला होता. आज तो शेडमध्ये गेला आणि पत्र्यावर आपटून परत आला.

आतल्या तिघांनी दाराकडे पाहिलं. एकाचं बिस्किट चहात भिजून, मोडून, टुबुक्कन पडलं. हा ह्यू. ब्रिनकोखमध्ये ह्यू नावाचे निदान डझनभर असतील, म्हणून याला सगळे दातवाला ह्यू म्हणत. चाळीस वर्षं त्याने गावाचे दात काढले होते. नेस्टाचा एक त्यातच.

“दोन्ही,” त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस शांतपणे म्हणाला. “चालणार पण आहे आणि बिस्किटं पण खातो. पण बिस्किटं आधी.” तो एमलिन रीस. डोळ्यांवर जाड चष्मा, आणि कोपरापर्यंत काळे हात. “हात दाखव तुझा.”

“काय?”

“हात गं, हात. बाही वर कर.”

नेस्टाने बाही वर केली. एमलिनने तिचा हात न धरताच नुसता नजरेने मापला, आणि ओल्वेनकडे बघून मान हलवली. ओल्वेन तीस वर्षं डोंगरावरच्या घरांना पत्रं वाटून निवृत्त झालेली. दिसायला लोकरीच्या गुंड्यासारखी, पण फावड्याने कोळसा मारायला लागली की पोरं तोंडात बोट घालत.

“जाईल,” ओल्वेन म्हणाली.

“कुठे जाईल?” नेस्टाने विचारलं.

बॉयलरच्या पोटाशी बशीएवढं एक भोक होतं. आत तळाशी साठ वर्षांचा गाळ. तीन आठवडे त्यांच्यातला एकही दंड त्या भोकातून कोपराच्या पुढे जात नव्हता. नेस्टाचा खांद्यापर्यंत गेला. आत थंडगार, खरखरीत, आणि काहीतरी लिबलिबीत. ती किंचाळली, हात बाहेर काढला, बघितलं तर मूठभर करडा चिखल आणि त्यात एक गंजका नट.

“हा एकोणीसशे पासष्टात पडला होता,” एमलिन नट उचलून म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला की जणू हरवलेली अंगठी मिळाली. “माझ्याच हातून. ओल्वेन, हिला बिस्किट दे.”

बस आली. लोवरी आणि हेलेद गेल्या. बाबांनी दोनदा हॉर्न वाजवला, पण नेस्टा तेव्हा दुसऱ्यांदा खांद्यापर्यंत आत होती.

*

इंजिनाचं नाव मार्गेड. पाटीच्या दगडाच्या खाणीतून दगड खाली आणायला बांधलेलं. चाकं बुटकी, धुराडं उंच, आणि पाण्याची टाकी खोगिरासारखी पाठीवर. एमलिन विशीत असताना तिच्या भट्टीत कोळसा मारायचा. खाण बंद पडली तेव्हा त्याला ड्रायव्हर व्हायला एक वर्ष उरलं होतं.

“म्हणजे तुम्ही हिला चालवलंच नाहीत कधी?” नेस्टाने दुसऱ्या शनिवारी विचारलं.

“खाऊ घातलं, पाणी पाजलं, आंघोळ घातली. लगाम काही हातात आला नाही.”

मार्गेड मग एका शेतात कोंबड्यांच्या खुराड्यासारखी पडून राहिली. पुढे गावातल्यांनी रेल्वे प्रवाशांसाठी पुन्हा सुरू केली, दुसरी दोन इंजिनं आली, एमलिनने ती तीस वर्षं चालवली. मार्गेडला घरी आणलं तेव्हा त्याने अडुसष्टी गाठली होती. सगळे हौशी, सगळे फुकट राबणारे, आणि तेही फक्त शनिवारी. त्यात अकरा वर्षं गेली.

आणि आता घाई होती, त्याचं कारण ऐकून नेस्टा पोट धरून हसली. रेल्वेचा नियम असा, की ऐंशी पूर्ण झालेल्या माणसाने इंजिन चालवायचं नाही. नियम लिहिला होता खुद्द एमलिनने, समितीचा चिटणीस असताना, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

“तेव्हा मला वाटायचं, ऐंशी हे दुसऱ्या लोकांचं वय असतं,” एमलिन म्हणाला.

“मग बदला ना नियम!”

“स्वतःसाठी?” त्याने चष्म्यावरून असं बघितलं की नेस्टाचं हसू आपोआप मावळलं.

त्याला बारा जूनला ऐंशी पूर्ण होत होती. त्याच्या आत मार्गेड चालली तर चालवणार एमलिन. नाही चालली तर दुसरं कुणीतरी, आणि एमलिन फलाटावर.

त्या शेडमध्ये आरडाओरडा कुणी करत नसे, शिव्या फक्त ह्यू घालायचा आणि त्याही वेल्शमधल्या जुनाट, बायबलच्या वासाच्या. पण एका बाबतीत एमलिन कडक होता. इंजिन उघडलं की त्याच्या पाईपांची तोंडं आ वासून पडतात. त्यात नट पडतात, कोळी शिरतात, एकदा तर उंदराने बाळंतपण केलं होतं. म्हणून प्रत्येक तोंडात चिंधीचा बोळा घालायचा. चिंधीची वीतभर शेपटी बाहेर लोंबती ठेवायची. आणि प्रत्येक बोळ्यामागे बरणीतला एक लाल चिमटा, कपडे वाळत घालायचा असतो ना, तसला, भिंतीवरच्या फळीला लावायचा. चिंधी काढली की चिमटा परत बरणीत.

“फळीवर एक जरी चिमटा असला तरी भट्टी पेटवायची नाही,” एमलिनने बजावलं. “आणि लाल चिमट्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. शेपटी आणि चिमटा. म्हण.”

“शेपटी आणि चिमटा,” नेस्टा म्हणाली.

आणि त्याच शनिवारी तिने शेल्फवरचे सहा पाईप बोळे घालून बंद केले. ओल्वेनच्या जुन्या फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या होत्या. पहिल्या पाचांच्या शेपट्या बाहेर, फळीला सहा चिमटे. सहाव्या पाईपचा बोळा इतका चपखल बसला की तिचा तिलाच अभिमान वाटला.

“काय भरलंय!” ह्यू लांबूनच म्हणाला. “माझ्या दवाखान्यात असतीस तर मी आधीच निवृत्त झालो असतो.”

मग चहा झाला. शेडमधल्या दमट हवेने बिस्किटं नेहमीप्रमाणे मऊ पडली होती. नेस्टाने पुड्याचं तोंड दुमडलं, हात लांब करून फळीवरचा एक चिमटा ओढला आणि पुड्याला लावून टाकला. फक्त चहापुरता.

“अरे वा,” ओल्वेन म्हणाली. तिची दाराकडे पाठ होती आणि फळीकडे तर नव्हतंच लक्ष. “अकरा वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.”

त्यानंतर पुडे बदलत गेले. चिमटा तोच राहिला.

*

हिवाळाभर नेस्टा दर शनिवारी. घरी आईची कुरकुर सुरू. आईचं औषधांचं दुकान, नेस्टाने रसायनशास्त्र घेऊन पुढे तेच करावं ही तिची इच्छा, आणि पुढच्या शाळेचा फॉर्म तर तिने नाताळातच भरून ठेवला होता.

“परीक्षा मे महिन्यात सुरू होतेय, नेस्टा.”

“मी अभ्यासच करते गं तिथे. बॉयलरमधला क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. विचार ना, काहीही विचार.”

“आंघोळ कधी करणार आहेस, ते विचारते.”

बाबा पेपरामागून हसायचे, आणि आईने बघितलं की पेपर वर करायचे.

खरं सांगायचं तर नेस्टा भट्टीत बसून अभ्यास करायची. खरीखुरी भट्टी, म्हणजे जिथे पुढे आग पेटणार ती तांब्याची खोली. तिथे ती आणि एमलिन समोरासमोर पाय मुडपून बसत. तो हातोडीने एकेक खिळा ठोकून आवाज ऐकायचा, मग तिला ठोकायला लावायचा.

“हा कसा वाजला?”

“टण्ण.”

“आणि हा?”

“टण्... नाही, टप्प. हा मेलाय.”

“मेलाय,” एमलिन खडूने फुली मारायचा, आणि ज्याने ठोकला तो ती वहीत उतरवायचा. “माझ्या कानांना हे कळायला चार वर्षं लागली होती. तू शेफारून जाऊ नकोस.”

ती अर्थात शेफारून गेली. घरी जाऊन तिने फ्रीज, पंखा आणि बाबांचं टक्कल ठोकून पाहिलं.

वसंतात मार्गेड परत अंगावर कपडे चढवू लागली. ह्यूने शेल्फवरचे पाईप एकेक करून बसवले. चिंध्या निघत गेल्या, फळीवरचे चिमटे बरणीत जात राहिले. मेच्या मध्यावर फळी रिकामी झाली. ओल्वेनने तिच्यापुढे उभं राहून टाळी वाजवली.

आणि मेच्या शेवटच्या गुरुवारी, शाळेला सुट्टी असताना, बॉयलर तपासणारा साहेब यायचा होता.

*

मिस्टर कार्टराइट इंग्लंडहून आले. हातात काळी पेटी, डब्यात स्वतःचं सँडविच, तोंडात मोजकेच शब्द. पहाटे चारलाच ओल्वेनने आग पेटवली होती. नऊ वाजेपर्यंत मार्गेड गुरगुरायला लागली, दहाला तिच्या छपरातून वाफेची पहिली फुंकर निघाली, आणि साठ वर्षं मुकी असलेली शिट्टी एमलिनने ओढली तेव्हा वरच्या डोंगरातली मेंढरं एकदम माना वर करून बघायला लागली. नेस्टाने कानांवर हात ठेवून उड्या मारल्या.

साहेबांनी सगळं ठोकून, वाकून, टॉर्च मारून पाहिलं. वाफेच्या दाबाचा काटा बघितला. जास्तीची वाफ आपोआप सुटते का, ते बघितलं. वहीत बरोबरच्या खुणा होत गेल्या.

“आता इंजेक्टर,” ते म्हणाले.

बॉयलरमध्ये वाफेचा जोर असताना बाहेरचं पाणी आत ढकलायचं काम इंजेक्टरचं. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन, कारण एक अडला तर दुसऱ्याने बॉयलर वाचवायचा. दोन्ही चालले पाहिजेत, नाहीतर सही नाही.

डावा इंजेक्टर गाऊ लागला. पाणी घटाघटा आत गेलं. ओल्वेनने उजवा उघडला. तो खोकला. खालून वाफ आणि पाण्याची पिचकारी उडाली, साहेबांचे बूट भिजले. पुन्हा उघडला. पुन्हा खोकला.

“गार असेल अजून,” ह्यू म्हणाला.

गार नव्हता. तिसऱ्यांदाही तेच.

कार्टराइटांनी घड्याळ बघितलं. “मी तीन वाजेपर्यंत इथे आहे. तोवर झालं तर ठीक. नाहीतर माझी पुढची तारीख सप्टेंबरची.”

सप्टेंबर! नेस्टाने एमलिनकडे पाहिलं. एमलिन इंजेक्टरकडे बघत होता.

त्यांनी तो उघडला. आतले पितळी भाग एमलिनने स्वतः घासून बसवले होते, केसाच्या जाडीइतकीही चूक चालत नाही तिथे. आता त्याने ते डोळ्यांशी धरले, चष्मा वर केला, खाली केला, उजेडाकडे वळला. पुन्हा घासले, पुन्हा बसवले. पाणी येतंय का पाहिलं. तळाशी बारीक धार येत होती, म्हणून पाईप मोकळा आहे असंच सगळ्यांनी धरलं. वाफ उघडली. खोकला.

साडेबारा. मग एक. साहेब शेडबाहेर बाकावर बसून सँडविच खाऊ लागले.

“ह्यू,” एमलिन हळूच म्हणाला, “तू खरं सांग. मी बसवलेलं वाकडं बसलंय का?”

ह्यूने टोपी काढली आणि परत घातली. “मला नाही दिसत.”

“मलाही नाही दिसत. तेच म्हणतोय मी.” एमलिनने चष्मा काढून खिशात ठेवला. “ऐंशीचा नियम मी उगाच नव्हता लिहिला. डोळे गेलेत माझे, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या.”

“चहा,” ओल्वेन म्हणाली. तिने किटली उचलली. “आधी चहा. नेस्टा, बिस्किटं आण, पोरी.”

नेस्टाने पुडा उचलला. चिमटा काढला. पुडा ओल्वेनला दिला. आणि मग तिने हातातल्या चिमट्याकडे पाहिलं.

लाल.

तिने फळीकडे पाहिलं. फळी रिकामी. असणारच, कारण तिच्यावरचा एक चिमटा ऑक्टोबरपासून बिस्किटं खात होता.

सहावा पाईप. टाकीतून उजव्या इंजेक्टरला पाणी आणणारा, वाकड्या मानेचा. शेपटी लोंबत होती ती गबाळी दिसत होती म्हणून तिने बोटाने आत सारली होती, चांगली आतपर्यंत, वाकणाच्याही पलीकडे. ह्यूने पाईपच्या तोंडातून पाहिलं असेल तर त्याला स्वच्छ पितळ दिसलं असेल.

कुणालाच माहीत नव्हतं. ह्यू भिंतीकडे बघत होता, ओल्वेन कपात बघत होती. चिमटा मुठीत लपत होता. पाईप कधीतरी उघडेलच कुणीतरी, सप्टेंबरात, आणि वर्षभरापूर्वीची चिंधी कुणाची हे कोण विचारणार? अकरा वर्षं एवढे हात लागले होते मार्गेडला.

पण एमलिनचा चष्मा खिशात होता.

नेस्टाने तोंड उघडलं. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज कुठे पळाला कोण जाणे, नुसती हवा बाहेर आली. तिने मूठ उघडून हात पुढे केला.

“एमलिन,” ती म्हणाली. “तुमचे डोळे चांगले आहेत. मी... हा चिमटा फळीवरचा आहे. मी पुड्याला लावला होता. ऑक्टोबरात. उजव्या बाजूच्या पाण्याच्या पाईपमध्ये चिंधी आहे. माझी. मीच घातली होती.”

टुबुक्. ह्यूचं बिस्किट चहात पडलं.

“शेपटी?” एमलिनने विचारलं.

“आत सारली.”

“आत? का?”

“बाहेर लोंबताना बरी दिसत नव्हती.”

एवढं बोलून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला गेली तर काजळीचे दोन पट्टे गालांवर उमटले. एमलिनने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि तिच्याकडे पाहिलं. आता तो ओरडणार, असं नेस्टाला वाटलं. ओरडला असता तर बरंच वाटलं असतं.

“रडायचं असेल तर तीननंतर,” तो म्हणाला. “मोठा पाना आण. ह्यू, टाकीची झडप बंद कर. ओल्वेन, डाव्या इंजेक्टरवर पाणी सांभाळ, काटा खाली येऊ देऊ नकोस. आणि पाईप तू काढणार, नेस्टा. जिने घातली तिने काढायची.”

“पण मला वेळ लागेल, तुम्हीच—”

“तोंड चालवू नकोस, पाना चालव.”

वर तापलेला बॉयलर, खाली वंगणाचं थारोळं, आणि मध्ये पाठीवर झोपलेली नेस्टा. पहिला नट सुटला. दुसरा हलेना. एमलिन शेजारी गुडघ्यांवर बसला होता, पण त्याने पान्याला हात लावला नाही. “टाच टेकव. आता सगळं अंग घाल. दंडाने नाही, कमरेने.” नट कुरकुरला आणि फिरला. नाकावर गार पाणी पडलं. पाईप हातात आला तेव्हा सव्वादोन झाले होते.

वाकणाच्या आत बोट पोचेना. ह्यू धावत जाऊन दातांच्या जुन्या हत्यारांतली एक लांब, बारीक आकडी घेऊन आला. तिच्या टोकाला आधी एक निळं फूल दिसलं. मग हिरवं पान. मग हळूहळू, काळी पडलेली, गळती, उशीच्या अभ्र्याची अख्खी चिंधी बाहेर आली.

“अगं बाई,” ओल्वेन म्हणाली. “आमच्या लग्नातला अभ्रा!”

आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेना. ह्यू हसला. एमलिनचे खांदे हलायला लागले. नेस्टा रडत रडत हसत होती, किंवा उलट.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ओल्वेनने उजवा इंजेक्टर उघडला. खोकला नाही. क्षणभर सुस्कारा, आणि मग एक गोड, बारीक, अखंड सूर. पाणी आत जात होतं. साहेब कधी येऊन मागे उभे राहिले होते कुणाला कळलं नाही.

“हे काय?” त्यांनी जमिनीवरची चिंधी बुटाने सरकवत विचारलं.

ह्यूने तोंड उघडलं, पण नेस्टा आधी बोलली. सगळं सांगितलं. शेपटी, चिमटा, फळी, बिस्किटं. या वेळी आवाज बरोबर होता.

मिस्टर कार्टराइट फळीपाशी गेले, बरणीत डोकावले, वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. “पद्धत चांगली आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या शेडमध्ये सांगेन मी. मात्र बिस्किटांना वेगळ्या रंगाचा घ्या.” मग त्यांनी कागदावर सही केली. जाता जाता नेस्टाकडे वळले. “खिळे ठोकून कुणी तपासले? तुमच्या वहीतल्या फुल्या दोन हातांच्या आहेत.”

“अर्धे हिने,” एमलिन म्हणाला.

“एकही चुकलेला नाही.” एवढं बोलून ते गेले.

*

सात जूनच्या शनिवारी ब्रिनकोखच्या फलाटावर अख्खं गाव. लोवरी आणि हेलेद चिप्सची पिशवी घेऊन आल्या होत्या, व्हिनेगर घालून. “आठ महिने उशिरा, पण दिल्या,” लोवरी म्हणाली. आई दुकान बंद करून आली होती. बाबांची बस त्या दिवशी वेळेवर होती, कारण ती सुटलीच नव्हती.

एमलिनने टोपी नीट केली, हात पुसला, आणि लगाम म्हणजे ती लांब पितळी दांडी हळूच ओढली. मार्गेड एकदा हिंदकळली, एकदा घसरली, आणि निघाली. ओल्वेन फावडं मारत होती. नेस्टा पहिल्याच डब्यात, पहिल्याच खिडकीत. बोगद्याच्या आधीच्या वळणावर इंजिन वळताना तिला एमलिन बाजूने दिसला. तो हसत नव्हता की रडत नव्हता, नुसता रुळांकडे बघत होता, विशीतला पोरगा बघेल तसा.

वरच्या स्टेशनात तो खाली उतरला. सगळे धावले. कुणी पाठ थोपटली, कुणी केक पुढे केला. त्याने नेस्टाला बोलावलं.

“उजव्या बाजूला तिसरा सांधा ठिबकतोय. बघितलास?”

“बघितला. मंगळवारी परीक्षा संपते, बुधवारी करते.”

“बुधवारी कर. गुरुवारपासून मी चालवणार नाही, तेव्हा बॉयलरपाशी बसायला मला भरपूर वेळ आहे.” त्याने केकचा तुकडा तोडला. “समितीने शिकाऊ जागा काढलीय, पगारी. तीन वर्षं. बॉयलरचं सगळं काम. फलकावर कागद फेब्रुवारीपासून लावलाय, पण अर्ज एकही नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस. तू तर सगळं विचारतेस, म्हणून मला वाटलं नको असेल.”

त्या संध्याकाळी घरी जेवायला मटणाचं कॉल होतं, बटाटे-भाज्या घालून शिजवलेला वेल्श रस्सा. आईने फॉर्मचा विषय काढला, शाळेतून पत्र आलंय, विषय पक्के करून कळवायचे आहेत, रसायनशास्त्र तर आहेच, दुसरे कोणते? बाबांनी पाव मोडला. नेस्टाने दोनदा हात धुतले होते तरी नखं काळीच होती, आणि तिने ती टेबलाखाली लपवली नाहीत.

“आई, ते चिंधीचं मी तुम्हाला सांगितलं ना?”

“दहा वेळा,” आई म्हणाली.

“त्यातलं एक राहिलं. साहेब म्हणाले, खिळ्यांचं माझं एकही चुकलं नाही. आणि जे चुकलं ते मी स्वतः काढलं. दोन्ही एकाच दिवशी.” तिने चमचा खाली ठेवला आणि उभी राहिली, कारण महत्त्वाचं बोलताना तिला आता बसवत नसे. “मी त्या पुढच्या शाळेत जाणार नाही. सप्टेंबरपासून मी एमलिनकडे बॉयलरचं काम शिकणार आहे. तीन वर्षं. अर्ज मी येतानाच दिला, सही तुमची लागेल. रसायनशास्त्र सोडत नाही, ते तिथे रोज लागतं.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांना या वेळी पेपर मिळाला नाही.

“आणि आई,” नेस्टा म्हणाली, “दोरीवरचे पिवळे चिमटे सगळे मी नेतेय. बिस्किटांसाठी.”